दार समितीचं, कुलूप चिमटाशेठचं

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, आणि वाटलंच तर मला तुमची काळजी वाटेल. माझ्यावर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. जन्मलो तेव्हा मी रडलो, तर सुईण म्हणाली, सोंग करतोय. तेव्हापासून हे असंच चाललंय. मला त्याची खंत नाही. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, त्याला काहीही बोलायची मुभा असते.

ती मुभा मी त्या दुपारी इस्त्रीच्या दुकानात घेतली.

दुकान कसलं, एक टेबल, एक बाक आणि भरपूर वाफ. बाकावर मी आणि निवृत्त मास्तर, समोर खुर्चीत विमावाला. तिघांचेही कपडे अजून चुरगळलेले, म्हणून तिघेही अडकलेले. इस्त्रीवाली कॉलरवर पाणी शिंपडत होती. टेबलाच्या कोपऱ्यात एक नवं कोरं खोकं होतं, त्यात कुलूप. तिची आई वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली; लेक दिवसभर खाली, आई दिवसभर वर, आणि मध्ये एक जिना. गल्लीत चोऱ्या वाढल्यात म्हणून विमावाल्यानं आईच्या खोलीच्या दारासाठी हे कुलूप तिच्या गळ्यात मारलं होतं. संध्याकाळी बसवणारा यायचा होता.

"किल्लीच नाही, ताई," विमावाला म्हणाला. "बोट ओळखतं. तुमचं आणि आईंचं. तिसऱ्याची टाप नाही."

"आमच्या वेळी कुलूप लावायची वेळच येत नसे," मास्तर म्हणाले.

"तुमच्या वेळी घरात होतं काय, मास्तर, कुलूप लावायला?"

"माणसं होती."

"हो, आणि तीही रांगेत उभी असायची, घरात नाही."

आता हे दोघं जुंपले की इस्त्री थंड होते, हा अनुभव. म्हणून मी म्हटलं, "दोघंही गप्प बसा. मी कुलूप खात्यात होतो."

"काका, तुम्ही मागच्या आठवड्यात बोटीवर स्वयंपाकी होतात," इस्त्रीवाली म्हणाली.

"त्याच्या आधी, पोरी."

आणि मी सुरू झालो.

आमच्या गावात तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच कारखाना. मालक कोणी नाही, म्हणजे सगळेच. वर समिती, आणि समितीचा अध्यक्ष माझा सख्खा थोरला भाऊ. दादा म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस. कारखान्यातला एक खिळा घरी आणायचा नाही. आमच्या घरात तसबिरी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेल्या असायच्या.

कारखान्यात खाती होती. दार खातं, बिजागरी खातं, कुलूप खातं. ज्यानं त्यानं आपलं खातं सांभाळायचं. कुलूपवाल्यानं बिजागरीला हात लावला तर भांडणं व्हायची, म्हणून मी उभ्या नोकरीत दाराची एकच कड पाहिली. दुसऱ्या कडेला काय असतं हे मला लग्नानंतर कळलं.

दारं मात्र विचारू नका. पोलादी पत्रा, आत लाकूड, परत पत्रा. गावात भूकंप झाला तेव्हा घरं पडली, दारं उभी होती. लोक सवयीनं दार उघडून ढिगाऱ्यात जायचे.

"आणि कुलपं?" विमावाल्यानं विचारलं.

कुलूप एकच. म्हणजे नमुना एकच. आणि किल्लीही एकच. सगळ्या गावाच्या सगळ्या दारांना एकाच साच्यातली किल्ली. दादा सभेत म्हणाला, माणूस माणसापासून काय लपवणार? टाळ्या पडल्या. घरी आल्यावर वहिनीनं साखरेचा डबा लपवला.

एक जण पिऊन भलत्याच घरात शिरला आणि आठवडाभर तिथेच राहिला. तिथल्या बाईला संशय आला तो यानं भांडी घासली तेव्हा.

मास्तर हसले. विमावालाही हसला. इस्त्रीवाली म्हणाली, "चोर?"

चोर नव्हते. एक तर चोरण्यासारखं काही नव्हतं. आणि किल्ली प्रत्येकाच्या गळ्यात असताना चोरी कशाला करायची, सरळ आत जायचं आणि न्यायचं. परत आणून द्यायची बोली असायची. माझी छत्री अशी गेली ती अजून कुठल्या तरी पावसात आहे.

या सगळ्याचा जाच कोणाला झाला असेल, तर तो माझ्या ताईला.

ताई माझ्याहून मोठी, दादाहून धाकटी. एकटीच राहायची. घरी बसून शर्टांना काजं करायची. गावात जेवढी बटणं लागली तेवढी ताईच्या काजातून गेली. खोली एवढीशी, उजेड तेवढा दारापाशी, म्हणून शिवणयंत्र दाराला लागूनच. आणि शेजारपाजारचं कोण कधी येईल नेम नाही. किल्ली फिरवली की ढकललं दार आत. ते जायचं ते थेट यंत्रावर आदळायचं, आणि यंत्रावरची कपबशी खाली. एवढ्या कपबश्या फुटल्या की समितीनं तिला कळवलं, आता तुम्ही पत्र्याच्या मगातून प्या.

सगळ्यात जास्त येणारी म्हणजे समोरची तोंडाळ. तिचं खरं नाव तीच विसरली होती. ती यायची, भांड्यावरचं झाकण उचलायची, ताईच्या गादीखाली हात घालून बघायची आणि ताईलाच विचारायची, "काय शोधतेय ग मी?"

ताई म्हणायची, "मला मरताना तरी एकटीला मरू द्या रे. तेव्हाही ही बया झाकण उचलून बघेल."

ताईची छाती अधूनमधून भरून यायची. एकदा यंत्रावरच कोसळली. ओठ निळे पडलेले. आणि नेमकी तोंडाळ आली, झाकण उचलायला. आरडाओरडा केला, चाळीस हातांनी ताईला उचललं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर संपलंच होतं.

"बघा!" मास्तर विमावाल्याला म्हणाले.

"थांबा, मास्तर," मी म्हटलं. "ताई शुद्धीवर आली, घरी आली. तिचं पहिलं वाक्य काय? 'जीव वाचवला खरा, पण मेलीनं माझा साबण नेला.'"

"बघा!" विमावाला म्हणाला.

मग काळ पालटला. कसा पालटला ते विचारू नका. मी दुपारचा झोपलो होतो. उठलो तर कारखान्यासमोर दुसरा कारखाना. आमच्याच खात्यातला एक सडपातळ पोरगा होता, बारीक चिमटे करण्यात पटाईत, त्याला आम्ही चिमटा म्हणायचो. तो आता चिमटाशेठ.

आणि सांगतो, माणूस गुणी. त्याचं कुलूप हातात घेतलं तेव्हा मला रडू आलं. आमच्या कारखान्यात तपासनीस फक्त कुलूप बंद होतंय का ते बघायचा. उघडतंय का, हे बघणं कोणाच्याच कामात नव्हतं. चिमटाशेठचं कुलूप लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरायचं. प्रत्येकाची किल्ली वेगळी. हवा तो रंग. दुसऱ्या दिवशी माणूस घरी हजर, आणि तो माणूस हसायचा! समितीच्या कुठल्याही खिडकीत मी तोवर हसणारा माणूस पाहिला नव्हता.

मी दादाला न सांगता तिकडे कामाला लागलो. पहिलं कुलूप ताईच्या दाराला बसवलं. असं बसवलं की वारा आत जाताना परवानगी मागेल.

ताईनं दार लावलं. मी बाहेर उभा. आतून गाण्याचा आवाज आला. ताईला सूर नव्हता, त्यामुळे जन्मात कधी मोठ्यानं गायली नव्हती. इतकं बेसूर मी कधी ऐकलं नाही, आणि इतकं आनंदीही. आठवडाभरात तिनं चिनी मातीची नवी कपबशी आणली. यंत्रावर ठेवली. ती फुटली नाही.

"मग वाईट काय झालं?" इस्त्रीवालीनं विचारलं. तिनं इस्त्री उभी ठेवली होती.

वाईट काहीच झालं नाही, पोरी. प्रत्येक पायरी चांगलीच होती. तेच तर भीतीचं आहे.

कुलूप चांगलं असेल तर ते एकदाच विकलं जातं. चिमटाशेठला कामगारांची घरं चालवायची होती, माझंही त्यात आलं. मग त्यानं भिंतींवर चित्रं रंगवली. चोराची. चोराला तोंड नव्हतं, नुसता कोट आणि टोपी. आणि गंमत बघा, ज्या गल्लीत चित्र, त्या गल्लीतल्या लोकांना ते तोंड ओळखीचं वाटायला लागलं. कोणाला ते शेजाऱ्याचं वाटे, कोणाला जावयाचं. लोकांनी एकावर एक कुलपं लावली. आणि ज्या घराला एवढी कुलपं, त्या घरात काही तरी असणारच, म्हणून खरोखरचे चोर आले. बाहेरगावाहून. भिंतीवरच्या चित्रासारखाच कोट घालून.

दिवेलागणीला अख्ख्या गल्लीत आवाज व्हायचा. खट्. खट्. खट्. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मग काहीच नाही. पूर्वी भांडणं ऐकू यायची, मुलं रडलेली ऐकू यायची, तोंडाळ तर गावाबाहेरही ऐकू यायची. आता खट् झालं की गल्ली मेल्यासारखी.

मग आलं मूठकुलूप. किल्ली चोरीला जाते ना? मग किल्लीच नको. दाराला आतून एक मूठ, बाहेरून एक मूठ. मालकानं धरली की कुलूप त्याची पकड ओळखणार. दुसऱ्यानं धरली की ढिम्म. जाहिरातीत लिहिलं होतं, 'हे आम्हालाही उघडत नाही.' लोक त्या एका ओळीवर फिदा. ताई सुद्धा.

"ते बसवणारे तुम्हीच?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"ताईकडे दुसऱ्या कोणाला पाठवू का? मी माझ्या हातानं बसवलं. आतला स्क्रू असा आवळला की तो अजून 'आई ग' म्हणत असेल."

ती हसली नाही. मास्तर हसले.

तर अशीच एक दुपार. मी ताईकडे दोऱ्याची रिळं घेऊन निघालो होतो. गल्लीत शिरलो आणि काही तरी चुकतंय असं वाटलं. काय ते कळेना. मग कळलं, यंत्राचा आवाज नव्हता.

"ताई!"

"आलास?" आतून म्हणाली. आवाज दाराच्या अगदी पलीकडून. "अरे, दार उघडत नाही. छाती भरून आलीय, हात थरथरतोय. हे कुलूप मला ओळखेना."

"हात स्थिर धर."

"तूच सांग की त्याला. म्हण, म्हातारी घरचीच आहे." हसली. हसताना दम लागला.

मी बाहेरची मूठ धरली. ढिम्म. खिडकीला गज, तेही समितीचे, म्हणजे हत्तीला न वाकणारे. गल्लीत ओरडलो. कोणी येईना, दारं लावून बसलेले, त्यांना वाटलं चोर ओरडतोय. आली ती एकटी तोंडाळ. तिच्या गळ्यात ती जुनी सगळ्यांची किल्ली अजून होती. तिनं ती काढली आणि मूठकुलपावर घासू लागली. भोकच नव्हतं, तर घालणार कुठे? तरी घासत होती.

मी धावत चिमटाशेठकडे. तो जेवण टाकून उठला. वाईट माणूस नव्हता, पुन्हा सांगतो. म्हणाला, "काका, मी काय करू? उघडता येणारं कुलूप मी विकलं असतं तर ताईंनी घेतलं असतं का? ते आम्हाला उघडत नाही, हाच तर माल आहे. आणि कुलूप फोडायला जाल तर आतले खिळे सुटतात, दार कायमचं बसतं. तसं मीच केलंय. तुम्ही दार मोडा."

मी धावत समितीकडे. जुन्या कारखान्यात समिती अजून बसायची; काम नव्हतं, पण बैठक होती. दादा अध्यक्षाच्या खुर्चीत. मी म्हटलं, "दादा, ताई आत अडकलीय. दार मोडायला माणसं दे."

दादा उठला सुद्धा. पण शेजारचा सदस्य म्हणाला, "अध्यक्ष, दार सामाईक मालमत्ता आहे. सामाईक दाराला आधी खाजगी कुलूप कोणी लावलं? आज आपल्या बहिणीसाठी दार मोडाल, उद्या गावाला काय सांगाल?" आणि दादा, ज्यानं उभ्या जन्मात एक खिळा घरी आणला नाही, तो तिथे उभ्या उभ्या मोडला. म्हणाला, "मताला टाकू. लगेच टाकू. तोवर तू कुलूप फोड."

म्हणजे बघा. शेठ म्हणतो, कुलपाला हात लावू नका, दार मोडा. समिती म्हणते, दाराला हात लावू नका, कुलूप मोडा. मी परत आलो, आणि कोणाचंही न ऐकता दोन्हींवर घण घातला. दार हललं नाही. कुलूप हललं नाही. दोघांचा माल उत्तम निघाला, आणि तोही एकाच दिवशी, एकाच चौकटीत.

आतून ताई शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानानं दारावर वाजवत होती. बोलायला श्वास नव्हता, म्हणून हे. टक, टक. मी घण घालायचो, ती वाजवायची, म्हणजे आहे. मग दोन टकांमधलं अंतर वाढायला लागलं. तोंडाळनं दाराला कान लावला होता. तिला आयुष्यात पहिल्यांदा आत काय चाललंय ते दिसत नव्हतं.

टक.

इथे मी जरा थांबलो. मास्तर चष्मा पुसत होते. विमावाला खोक्याकडे बघत होता. इस्त्रीवाली माझ्याकडे बघत होती, आणि वरून तिच्या आईचा खोकला ऐकू येत होता.

"आणि मग," मी मांडीवर थाप मारली, "डोक्यात लख्ख उजेड पडला! अरे, आम्ही सगळे कुलूप खात्यातले! मी काय, चिमटा काय, जन्मभर दाराची एकच कड बघितलेले. दुसऱ्या कडेला बिजागऱ्या असतात की! कुलूप उघडत नाही तर न उघडो. दार दुसऱ्या बाजूनं सोडवावं!"

"वा!" मास्तर ओरडले.

"खिशातून पेचकस काढला. तीन बिजागऱ्या. पहिलीची खीळ ठोकून काढली, दुसरीची काढली, तिसरी जरा गंजलेली, बिजागरी खात्याचीच ती, पण तिलाही नमवलं. आणि सांगतो काय, ते अजस्र दार हळूहळू झुकलं ते माझ्या अंगावर! मी बाजूला उडी मारली. धाडकन् गल्लीत पडलं. कुलूप तसंच बंद, चौकटीचा तुकडा कवटाळून! आणि आत बघतो तर ताई यंत्रापाशी बसलेली. मला म्हणते, 'एवढा वेळ? चहा गार झाला की रे.' तेवढ्यात तोंडाळ आत शिरली आणि तिनं झाकण उचललं!"

विमावाला खो खो हसला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून.

"मग समितीनं दार नेलं, शेठनं कुलूप नेलं, ते अजून त्याच्या आवारात बंदच पडलंय. आणि ताई जगली की! समिती गेली, शेठ गेला, दादा गेला, सगळ्यांना पोचवून मगच गेली. म्हातारपणी परत बेसूर गायची. अशी ही—"

"म्हणजे दोन्हीकडची थोडी थोडी अक्कल हवी," मास्तर म्हणाले.

"म्हणजे बिजागऱ्या बाहेरून हव्यात," विमावाला म्हणाला, आणि पुन्हा हसला.

इस्त्रीवालीनं कुलपाचं खोकं उचललं, टेबलाखाली ठेवलं. घाई केली नाही. मग माझा शर्ट घडी करून माझ्या पुढ्यात ठेवला, त्याच्यावर हात तसाच राहू दिला आणि म्हणाली,

"काका, लोकांनी दार ढकललं की ते यंत्रावर आदळायचं आणि कपबशी फुटायची, असं तुम्हीच मघाशी सांगितलंत. म्हणजे दार आत उघडायचं. आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतल्या अंगाला असतात. तुम्ही तर बाहेर उभे होता."